रिकाम्या शर्टाची बटणं

दिवाळीचे कंदील उतरले, सकाळी नळाचं पाणी हाताला गार लागायला लागलं, की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरकडे जायचं दुखणं नव्हे हे. विरारच्या आमच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या मागच्या भिंतीवर, नाट्यस्पर्धेचं पोस्टर लागतं. त्या भिंतीकडे बघायचंच नाही असं मी घरातून ठरवून निघते आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून पाच-पाच मिनिटं तिथंच उभी राहते. कोणती मंडळं, कोणती नाटकं, पहिली फेरी कुठं. मला काय करायचंय? मी कुठल्या मंडळात नाही, कुठल्या नाटकात नाही. पण ओळन् ओळ वाचल्याशिवाय पाय हलत नाही. यंदा तर पोस्टरच्या कोपऱ्यात तिचा फोटोही होता, ‘प्रमुख पाहुण्या’ म्हणून. हसरा, चांगला फोटो. हनुवटीखाली जरा सुटलीये, एवढं मी बघून घेतलं.

ती म्हणजे फिलोमिना. तुम्ही तिला ओळखता, निदान चेहऱ्यानं तरी. चार वर्षं रोज संध्याकाळी ती तुमच्या घरात येऊन सुनेला टोमणे मारत होती. त्याच्या आधी नाटकं, मधे सिनेमे. पेपरवाले तिच्या नावाआधी ‘समर्थ अभिनेत्री’ असं लावतात. आम्ही तिला फिलू म्हणायचो. वसईला होळी गावात तिच्या वडलांची भाजीची वाडी होती, आणि ती एसटीनं आगाशीला तालमीला यायची तेव्हा तिच्या पिशवीत कधी अळूची पानं असायची, कधी तोंडली. तेव्हा ती समर्थ वगैरे काही नव्हती. ती आमची प्रॉम्प्टर होती. हिरॉइन मी होते.

हे एकदा सांगून टाकलं की मला जरा बरं वाटतं.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बावीसची. बाबांनी विरारला फुलपाड्याला फ्लॅट घेतला होता, एक खोली आणि स्वयंपाकघर. समोर अजून भातखाचरं होती आणि पाण्याचा टँकर आला की सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली धावायची. बाबा मुंबईत विमा कंपनीत कारकून. मी कॉलेज संपवून टायपिंगच्या परीक्षा देत होते आणि उरलेला सगळा जीव आगाशीच्या तालमीत होता. शाळेचा एक हॉल आम्हाला संध्याकाळी मिळायचा. त्या दिवसांत आगाशीत घरोघरी अंगणात सुकेळी वाळत घातलेली असायची. पिकलेल्या केळ्यांचा तो गोड, किंचित आंबूस वास एसटीतून उतरल्यापासून हॉलच्या दारापर्यंत सोबत यायचा. आजही बाजारात कुणी सुकेळ्यांची पुडी सोडली की मला माझी पहिली एंट्री आठवते. तोंडाला पाणी सुटायचं सोडून घशाला कोरड पडते.

म्हात्रे सर आमचे दिग्दर्शक. शाळेत चित्रकला शिकवायचे. नाटकही त्यांनीच लिहिलेलं, अर्नाळ्याच्या एका कोळणीचं. तिचा नवरा होडी घेऊन समुद्रात जातो तो परत येत नाही. सरांचा एक नियम होता, आमच्या मंडळाबाहेर कुणी पाळत नसेल असा. प्रॉम्प्टरनं विंगेत पुस्तक घेऊन बसायचं नाही. कागद वाजतो, म्हणे. प्रॉम्प्टरनं सगळं नाटक पाठ करायचं, सगळ्यांच्या वाक्यांसकट, आणि अंधारात नुसतं उभं राहायचं. ते काम फिलूकडे. इतर पोरी काय म्हणायच्या, ‘बिचारी!’ मीही म्हणायचे. बिचारी म्हणायला काय जातं? तिचं मराठी तेव्हा घरच्या बोलीत घोळलेलं होतं. बोलायला लागली की पोरं हसायची, म्हणून ती गप्प राहायची आणि बघत राहायची. इतकं बघायची की मला कधीकधी पाठीला खाज सुटायची.

मी चांगली होते हो. हे कुणीतरी सांगायला हवं आणि दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. ठाण्याच्या पहिल्या फेरीत मला लोकांनी मधेच टाळ्या दिल्या होत्या. फक्त एक जागा सरांच्या मनासारखी होत नव्हती. शेवटी होडीची फळी वाहून आल्याची बातमी येते आणि त्या बाईला तीन मिनिटं एक शब्द नाही. मी रडायचे, कोसळायचे, कपाळ बडवून घ्यायचे. सर म्हणायचे, “नंदा, हे सगळं बरोबर आहे. पण हे मी आधी पाहिलंय.” मला राग यायचा. पाहिलंय तर पाहिलंय, त्यात काय! तरी आम्ही पहिल्या फेरीत पहिले आलो. अंतिम फेरी मुंबईला, नाताळच्या चार दिवस आधी.

आणि अंतिम फेरीला बारा दिवस असताना बाबा गेले. ऑफिसात टेबलावरच डोकं टेकलं, उठलेच नाहीत.

त्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं. बाबांना नेलं, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आईला कुणी साखरपाणी देत होतं. दाराच्या मागे खिळ्याला हँगरवर बाबांचा आदल्या दिवशीचा शर्ट होता. मी उठले. खिशातून पास काढला, पेन काढलं, कंगवा काढला, एक पेपरमिंटची गोळी निघाली. सगळं टेबलावर ओळीनं मांडलं. मग परत एकेक खिशात ठेवलं. आणि मग त्या रिकाम्या शर्टाची बटणं लावली, खालपासून वर गळ्यापर्यंत. तिसरं बटण आईनं दुसऱ्या शर्टाचं काढून लावलं होतं, तपकिरी. ते जरा मोठं होतं, काजात अडकायचं. मी ते सावकाश बसवलं. कॉलर नीट केली. मग जागेवर येऊन बसले. रडले नाही. कुणी माझ्याकडे बघत असेल असं मनातही नव्हतं.

फिलू बघत होती. ती दाराशी चपलांच्या ढिगाऱ्यापाशी बसली होती.

सुतकाच्या घरी कुणी पाणी घेत नाही, बायका येतात, दाराशी टेकतात, जातात. ही मात्र रोज होळीहून डबा घेऊन यायची. आईला भरवायची, भांडी घासायची, स्वतः चहा करून स्वतःही प्यायची. सावंतकाकू, आमच्या शेजारीण, म्हणाल्या, “पोरगी कुठल्या का देवाची असेना, सोन्यासारखी आहे.” मलाही तसंच वाटायचं. अजूनही वाटतं, हीच तर माझी गोची आहे. वाईट असती तर किती सोपं झालं असतं!

चौथ्या दिवशी सर आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, “नंदा, तू ठरव. रंगपूजेच्या वेळी तू बाहेर थांब, नारळ मी वाढवतो. थेट तुझ्या एंट्रीला ये. कुणी काही म्हणणार नाही. आणि म्हणालं तर मी बघतो.” आई आतून म्हणाली, “जा ग. त्यांना आवडलं असतं.” म्हणजे आड कुणीच नव्हतं. शास्त्र नाही, आई नाही, शेजारी नाहीत. मी पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाले, “नको सर. सुतक आहे.”

आता खरं सांगते. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मला सुतकाचं काही वाटत नव्हतं. मला वाटलं, मी नाही म्हटलं की मंडळ स्पर्धेतून नाव मागे घेईल. माझ्याशिवाय नाटक होणारच नाही. सर परत येतील, दोनदा, तीनदा, हात जोडतील. आणि नाहीच झालं, तर वर्षानुवर्षं आगाशीत सगळे म्हणतील, काय नाटक होतं, पण नंदाचे वडील गेले. बाप जाऊन चार दिवस झालेले आणि पोरीच्या डोक्यात हे! सर “बरं” म्हणाले. नुसतं “बरं”. चपला घातल्या आणि जिना उतरले. जिन्यावर त्यांचे पाय वाजत होते तेव्हाच मला कळलं की प्रॉम्प्टरला सगळं पाठ आहे.

माझं लुगडं, माझी पोत, माझी टोपली. पोलकं तेवढं दोन बोटं आत घ्यावं लागलं, ती बारीक होती. अंतिम फेरीहून पोरं आली ती नाचतच. अभिनयाचं पदक फिलूला. कसं केलं, कसं केलं म्हणून मीच विचारत होते. जिभेला हाड नाही ना! आमच्यातला एक जण म्हणाला, “अगं, ती तीन मिनिटं! रडलीच नाही. नवऱ्याचा सदरा दोरीवरून काढला, कुडावर टांगला आणि त्याची बटणं लावत बसली. हॉलमधे टाचणी पडली तर ऐकू आली असती.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलणार काय? माझा बाप मेल्यावर मी जे केलं ते हिनं उचललं, असं म्हणू? त्याचा मालकी हक्क लागतो का कुठं? मी हसून म्हणाले, “छान.” फिलू पदक घेऊन घरी आली, माझ्या हातात ठेवलं, म्हणाली, “हे तुझं आहे.” मी म्हणाले, “छे, वेडी का!” आणि रात्रभर तळमळले की घेतलं का नाही.

त्या अंतिम फेरीला एक निर्माता बसला होता. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. व्यावसायिक नाटक, दौऱ्याची बस, मग दुसरं नाटक, मग टीव्ही. मी टायपिंगवर एका शाळेच्या ऑफिसात चिकटले. लग्न झालं, विरारलाच राहिले. नवरा सरळ माणूस. टीव्ही लागला की आतल्या खोलीत हाक मारायचा, “नंदा, ये, तुझी मैत्रीण आली!” मी ओले हात पुसत यायचे आणि इस्त्रीची टोपली घेऊन बसायचे, म्हणजे बघत नाही असं दिसावं. मनात मात्र तिच्या चुका मोजायचे. इथं श्वास चुकला. इथं नजर खाली गेली. हे वाक्य मी असं म्हटलं नसतं. तिची मालिका बंद होणार असं ऐकलं तेव्हा मी शिरा केला होता. नवऱ्यानं विचारलं, “आज काय विशेष?” म्हटलं, “काही नाही, रवा उरला होता.”

मासिकात तिची मुलाखत आली आणि तीत माझं नाव नव्हतं, म्हणून मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. पुढच्या मुलाखतीत नाव आलं. ‘माझी मैत्रीण नंदा हिनं मोठ्या मनानं भूमिका मला दिली.’ मोठ्या मनानं! ते वाचून तर मी ताटावरून उठले. शाळेतल्या बाईंनी तो अंक स्टाफरूममधे सगळ्यांना दाखवला आणि मी दिवसभर मोठ्या मनाची म्हणून हिंडले. डोकं दुखायला लागलं.

मग तो सिनेमा आला, ज्यासाठी तिला मोठं पारितोषिक मिळालं. आम्ही वसईला जाऊन पाहिला. नवरा गेल्यावर ती बाई खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातलं सामान काढते, ओळीनं मांडते, परत ठेवते. बटणं लावते. पडद्यावर तिची बोटं एवढी मोठी. आणि तिसरं बटण तपकिरी. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. एवढ्या वर्षांत मी स्वतः ते बटण विसरले होते. आजूबाजूला सगळी माणसं नाक ओढत होती. माझा नवरासुद्धा. त्याला बाबांचा चेहराही माहीत नाही, माझं लग्न नंतरचं. बाहेर आल्यावर म्हणाला, “काय काम केलंय ग!” मी म्हणाले, “उशीर होतोय, रिक्षा बघ.”

हेवा कसा असतो, कुणी मला विचारावं. तो दुसऱ्याच्या दागिन्याचा असला तर सोसतो. आपलाच दागिना दुसरीच्या अंगावर आपल्यापेक्षा शोभून दिसला की सोसत नाही. कारण मी ते केलं होतं आणि माझं मलाही दिसलं नव्हतं. दिसलं ते तिला. स्टेजवर तर मी कपाळ बडवत होते. ही एक गोष्ट कबूल करायला मला दहा वर्षं लागली आणि कबूल करूनही राग गेला नाही तो नाहीच.

गेल्या डिसेंबरात आई गेली. माझ्याचकडे होती. तिला नेल्यावर मी तिची ट्रंक आवरायला घेतली. वरच तिचं धुतलेलं पोलकं होतं, घडी न घातलेलं. मी ते मांडीवर पसरलं आणि त्याचे हुक लावायला लागले. वरपासून, एकेक. ठरवून नाही. हात आपोआप गेले. मागून हुंदका आला. फुलपाड्याहून आलेल्या सावंतकाकू उभ्या, पार म्हाताऱ्या झाल्यात आता. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “अगदी तिच्यासारखं केलंस ग नंदा. त्या पिक्चरमधे ती करते ना, सेम.”

कपाळ माझं! माझी आई, माझे हात, माझं रडू, आणि मी नक्कल करते म्हणे. मी उरलेले तीन हुक लावलेच नाहीत. पोलकं तसंच ट्रंकेत टाकलं.

आई गेल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी फिलू आली. खाली गाडी, गाडीभोवती बिल्डिंगमधली बायकापोरं. वर आली तशी थेट स्वयंपाकघरात गेली आणि चहा टाकला. साखर कुठं आहे हे न विचारता डबा बरोबर काढला. माझ्या घरी ती तिसऱ्यांदा येत होती. मला त्याचाही राग आला.

आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी तिला सावंतकाकूंचं सांगितलं. हसत सांगायला गेले, आवाज फाटला. म्हणाले, “बाबांचा शर्ट चोरलास तू. आता आईचं पोलकंही माझं राहिलं नाही.”

तिनं कप खाली ठेवला. “हो,” म्हणाली. “चोरला.”

मला वाटलं होतं, कला वगैरे काहीतरी बोलेल. हे “हो” मी धरलंच नव्हतं. तरी म्हणाले, “आणि कोळीण?”

“ती तू सोडलीस.”

“सुतक होतं, फिलू.”

“नंदे, माझ्यासमोर तरी नको ग.” ती माझ्याकडे बघत होती, तसंच, विंगेतून बघायची तसं. “सर विचारायला आले तेव्हा मी तुमच्या मोरीत भांडी घासत होते. नळ बंद केला, ऐकायला. भीतीनं रडू फुटलं मला. तू हो म्हणशील म्हणून. सगळ्यांना वाटलं, मी तुझ्यासाठी रडतेय.”

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवून पळालं.

“अजून एक आहे,” ती म्हणाली. “हे कुणाला सांगितलेलं नाही, पापनिवेदनातसुद्धा नाही. त्या डिसेंबरातला पहिला रविवार. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मी एकटी थांबले. माउलीपुढं मेणबत्ती लावली. म्हटलं, मला एकदा जाऊ दे पुढं. तो लाइट एकदा माझ्या तोंडावर पडू दे. नंदाचा घसा बसू दे.” तिचा आवाज अगदी लहान झाला. होळीची एसटी धरून यायची ना, तेव्हाचा. “फक्त घसा ग. अंतिम फेरीपुरता. एवढंच मागितलं होतं. आणि त्याच आठवड्यात तुझे बाबा.”

ती रडत होती. माझा बाप, माझं घर, माझी वर्षं, सगळं त्या एका मेणबत्तीपाशी येऊन उभं राहिलं होतं. मी तिच्या थोबाडीत मारायला हवी होती. नाहीतर तिला जवळ घ्यायला हवं होतं, मेणबत्तीनं कुणाचा बाप मरत नाही म्हणून समजवायला हवं होतं. यातलं मी काहीच केलं नाही. माझ्या आत जे झालं ते सांगायची लाज वाटते, पण इतकं सांगितलंय तर हेही सांगते. मला आनंद झाला. आई जाऊन चार दिवस झालेले, आणि मला इतका आनंद झाला की चेहरा लपवायला मी कपावर वाकले. हिनं, या फिलोमिनानं, देवापुढं उभं राहून माझी जागा मागितली होती. माझ्यावर कुणीतरी इतकं जळलं होतं!

मी तिचा हात धरला. म्हटलं, “फिलू, परत सांग.”

“काय?”

“ते देवळातलं. पहिल्यापासून सांग.”

तिनं डोळे पुसले, जरा थांबली, आणि पहिल्यापासून सांगितलं. आणि मेलीनं दुसऱ्या वेळी ते पहिल्यापेक्षा चांगलं सांगितलं.